वाघोडियाला नेलेला ओटा

आमच्या गल्लीतल्या मावशींनी नको तिथे तोंड उघडलं म्हणून पत्रावळींची परदेशी ऑर्डर गेली, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. शेठना सांगितलं, बायकोला सांगितलं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे भर दुपारी ओट्यापाशी उभं राहून, सगळ्या बायकांदेखत, खुद्द मावशींनाही सांगितलं. ते खोटं होतं. ऑर्डर माझ्यामुळे गेली. एवढं साधं वाक्य लिहायला मला इतका वेळ लागला की तोवर बडोद्याच्या लग्नांतून पत्रावळीच दिसेनाशा झाल्या. त्यातही माझा थोडा हात आहे, पण ते पुढे.

तेव्हा मी बडोद्याबाहेर वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत एका शेठकडे नोकरीला होतो. शेठ पुठ्ठ्याची खोकी बनवत. देशाचे दरवाजे उघडले असं पेपरात रोज छापून येत होतं आणि जो तो हाताला लागेल ते घेऊन त्या दरवाज्याकडे धावत होता. कुणी इसबगोल पाठवत होतं, कुणी लोणची. शेठच्या साडूने तर सुकवलेला कांदा जपानला पाठवला, आणि तेव्हापासून शेठना रात्रीची झोप लागेना. एका सकाळी ते म्हणाले, "आपणे पण एक्स्पोर्ट करवुं छे," आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ऑफिसात इंग्रजी पत्र लिहिणारा मी एकटाच. त्या दिवसापासून मी एक्स्पोर्ट मॅनेजर झालो. खात्यात एक टेबल, एक फॅक्स मशीन आणि मी. पगार तोच.

दिल्लीच्या एका प्रदर्शनात आम्ही खोकी मांडून बसलो. आमच्या खोक्यांकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. शेठना सारखी भूक लागायची, म्हणून ते घरून आणलेला चेवडा खाखऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, पानांच्या द्रोणात घालून खात होते. एक उंच डच बाई आमच्यासमोर थांबली आणि शेठच्या हाताकडे एकटक पाहू लागली. शेठना वाटलं, हिला चेवडा हवाय. त्यांनी द्रोण पुढे केला. तिने चेवडा खाल्ला, डोळ्यांतलं पाणी पुसलं, द्रोण उलटा करून काड्यांचे टाके निरखले आणि विचारलं, "हे कोण बनवतं?"

"आमच्या घरासमोरच्या बायका," मी म्हणालो. "आपापल्या ओट्यावर बसून." या सगळ्या प्रकरणात मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य. बराच काळ शेवटचंही तेच होतं.

ती बाई तिकडच्या छोट्या दुकानांच्या एका संस्थेसाठी माल घ्यायची. प्लास्टिकची ताटं जाऊन पानाची यावीत, त्यासाठी झाडं मात्र मरू नयेत, आणि ज्याच्या हातून वस्तू होते त्याला नीट मोबदला मिळावा, असा त्या लोकांचा नेम होता. शेठना यातलं 'माल घ्यायची' एवढंच ऐकू आलं. त्यांनी तिथल्या तिथे नमुन्यांची ऑर्डर घेतली आणि परतीच्या गाडीत मला विचारलं, "आ पतराळां मळे क्यां?"

ती मिळत आमच्या दारासमोर. आमचं घर बडोद्याच्या वाडी नावाच्या जुन्या भागात, गल्ली एवढी अरुंद की समोरच्या घरात फोडणी पडली की आमच्या घरात ठसका लागावा. समोर मावशी राहायच्या. मावशी म्हणजे नात्याच्या नव्हेत, सगळ्या गल्लीच्याच मावशी. त्यांचे आजेसासरे संस्थानच्या फौजेत शिलेदार होते आणि माझे आजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून. संस्थान जाऊन कितीतरी काळ लोटला, पण मावशींनी दोन्ही पदं चालू ठेवली होती. त्या मला कारकूनच म्हणायच्या. दुपारची जेवणं झाली की त्यांच्या ओट्यावर गल्लीतल्या बायका जमत, निम्म्या मराठी, निम्म्या गुजराती. मांडीवर पानं, दातांत काडी, आणि तोंडाने अखंड बोलणं. लग्नांत स्वयंपाक करणारे महाराज त्यांच्याकडून पत्रावळी नेत आणि दर पाडून पाडून नेत.

"मावशी, तुमच्या पत्रावळी हॉलंडला जाणार," मी सांगितलं.

"लग्न कुणाचं आहे?"

"लग्न नाही. तिकडे लोक विकत घेणार."

"लग्न नाही आणि पत्रावळी?" मावशी शेजारच्या गुजराती बेनकडे वळल्या. "सांभळ्युं, ऐकलं का? गोऱ्यांच्या घरची ताटं संपली."

पण दर महाराजांपेक्षा चांगलाच होता. पहिले पैसे हातात आल्यावर बायकांचा थट्टेचा सूर बदलला. बेनने शिवणयंत्र घेतलं. मावशींनी ओट्याच्या छताला पंखा लावला. घरात नव्हे, बाहेर, ओट्यावर. वैशाखात भर गल्लीत पंख्याखाली बसून पत्रावळी टाचणाऱ्या बायका पाहायला लांबलांबून लोक येत. आणि लग्नसराईत महाराज दारात आले तेव्हा मावशींनी त्यांना उभंच ठेवलं.

"माझ्या पत्रावळी आता बोटीने जातात," त्या म्हणाल्या. "तू तुझी बासुंदी पाहुण्यांच्या ओंजळीत वाढ."

महाराज गेले. दुसरे आले, त्यांनाही तेच ऐकवलं. मावशींना हे वाक्य इतकं आवडलं होतं की कुणी महाराज आले नाहीत तर त्या भाजीवाल्याला ऐकवत. शहरातला एकही महाराज आता त्यांच्या दारी येणार नव्हता. म्हणजे त्या ओट्याचं सगळं पोट माझ्या फॅक्सवर चालणार होतं. तेव्हा मला याचा अभिमान वाटला. भीती वाटायला हवी होती.

पहिल्याच खेपेला बोटीत पत्रावळींना बुरशी आली. शेठनी उपाय काढला: प्रत्येक गठ्ठा प्लास्टिकमध्ये गच्च बंद करायचा. त्या बाईकडून लेबल छापून आलं होतं. त्यावर मी काढलेला ओट्याचा फोटो होता आणि खाली तिच्या भाषेत एक ओळ: 'प्लास्टिकला निसर्गाचा पर्याय.' ते लेबल आम्ही प्लास्टिकवर चिकटवलं. मला त्यात काहीतरी विचित्र वाटलं होतं. पण लेबल सरळ लागतंय की तिरकं, एवढंच मी तपासलं.

मग तिचा फॅक्स आला. ती बडोद्याला येणार होती. फोटोतल्या बायकांना, त्या जशा बसतात तशाच, काम करताना बघायचं होतं. पानं कुठून येतात तेही समजून घ्यायचं होतं. इंग्रजी अगदी सोपं होतं. मी तो फॅक्स पुन्हा पुन्हा वाचला आणि त्यातून मला एकच गोष्ट कळली: साहेब तपासणीला येतोय.

यात माझ्या रक्ताचा दोष आहे. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या एकच कला शिकवली गेली. साहेब येणार म्हटलं की झाडांच्या बुंध्यांना चुना फासायचा, खोकणाऱ्या शिपायाला रजा द्यायची आणि रोजचं सगळं दृष्टीआड करायचं. आजोबा म्हणत, साहेबाला जे बघायचंय ते दाखवू नये, साहेबाला शोभेल ते दाखवावं. त्यातच मी एक्स्पोर्टवरच्या एका व्याख्यानाला जाऊन बसलो होतो. परदेशी गिऱ्हाइकाला घरगुती काम खपत नाही, आसपास मुलं दिसलेली चालत नाहीत, आग विझवायची सोय लागते, असं तिथे ऐकलेलं. व्याख्यान बहुतेक कपड्यांच्या कारखान्यांबद्दल होतं. मी उशिरा पोहोचलो होतो.

मी ओटा उचलून वाघोडियाला न्यायचं ठरवलं.

खोक्यांच्या शेडचा एक कोपरा रिकामा करून चुना मारला. शेठच्या भाच्याच्या लग्नासाठी आलेल्या खुर्च्या ओळीने मांडल्या. लाल बादल्यांत वाळू भरली. भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी लटकवली. तिच्यात शेठच्या पित्ताच्या गोळ्या होत्या, पण पेटी बंद होती. बायकांसाठी पांढऱ्या टोप्या आणि रबरी हातमोजे आणले. मग ओट्यापाशी जाऊन त्यांना सूचना दिल्या.

"बोलायचं नाही. गाणी नाहीत. बाई हसली तर हसायचं. काही विचारलंच तर उत्तर मी देईन."

"आणि ती रडली तर?" मावशींनी विचारलं.

"ती कशाला रडेल?"

"तुझी शेड बघून."

"मावशी, ऑर्डरचा प्रश्न आहे."

ऑर्डर म्हटल्यावर त्यांची थट्टा थांबली. त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "शिलेदाराच्या घरची आहे. हुकूम म्हणजे हुकूम. पण माझं तोंड दिवसभर मिटलेलं राहिलं आणि मला काही झालं, तर माझ्या सुनेला तू सांगायचंस."

टेम्पोत बसताना सगळ्या नटूनथटून आल्या होत्या. बेनने गजरा माळला होता. तो पांढऱ्या टोपीत मावेना, म्हणून टोपी डोक्यावर पुरीसारखी फुगली. शेडमध्ये खुर्च्यांवर बसवल्यावर क्षणभर सगळ्या नीट बसल्या. मग एकेकीने पाय वर घेतले आणि खुर्चीवर मांडी घातली. मांडीशिवाय पानं ठेवायची कुठे? एक खुर्ची मागे कलंडली. तिच्यावरची बाई वाळूच्या बादलीत हात टेकून वाचली, म्हणजे बादल्यांचा उपयोग झाला. रबरी मोजे घालून काडी चिमटीत धरता येईना. काडी पानाऐवजी मोज्यातच शिरायची आणि मोजा पत्रावळीला टाचला जायचा. डच बाई आत आली तेव्हा मावशी आपला डावा हात पत्रावळीपासून सोडवत होत्या.

शेडमध्ये अशी शांतता होती की ट्यूबलाइटचा आवाज ऐकू येत होता. त्या ओट्याला ओळखणाऱ्या कुणालाही भीती वाटली असती.

"या रोज इथेच बसतात?" बाईने विचारलं.

"रोज," मी म्हणालो.

"ओट्यावर नाही?"

"ती पद्धत आम्ही बंद केली. आता सगळं आधुनिक आहे."

"आणि पानं?"

पानं पूर्वेकडच्या डोंगरांतून यायची. तिथली माणसं उन्हाळ्याआधी ती खुडून, वाळवून, गठ्ठे बांधून आणून द्यायची. झाडाला धक्का लागत नसे, कारण पुढच्या वर्षीही त्याच झाडाकडे जायचं असे. यात लपवण्यासारखं काहीही नव्हतं. पण आजोबा माझ्या मानेवर बसले होते. "आमची शास्त्रीय लागवड आहे," मी म्हणालो.

बाईने पिशवीतून आमचंच लेबल काढलं. त्यावरचा फोटो मावशींच्या समोर धरला, ओट्याकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या. आता तो फोटो मावशींचा स्वतःचा होता, डोक्यावर पंखा, मांडीवर पानं. त्यांना राहवलं नाही. त्यांनी टोपी काढली.

"होम!" त्या ओरडल्या. "माय ओटला! वाडी! कम, कम, टी!"

सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. धरण फुटावं तसं मराठी, गुजराती, हिंदी, सगळं वाहू लागलं. बेन हाताने गल्लीचा रस्ता दाखवत होती. डच बाई त्या दिवशी पहिल्यांदाच हसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "विमानाला अजून वेळ आहे. आपण तिथे जाऊ या."

तेव्हा तरी मी हो म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "तिकडे गटार फुटलंय. रस्ता बंद आहे."

आम्ही गाडीत बसून विमानतळाकडे निघालो. मग तिने शांतपणे सांगितलं. ड्रायव्हरला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे हे ऐकणारा मी एकटाच.

"मी ओटा बघायला आले होते. तुम्ही मला खुर्च्या दाखवल्या. सबंध शेडमध्ये खरं बोलल्या त्या एकट्या बाई, आणि त्या बोलल्या तेव्हा तुमचा चेहरा मी पाहिला. पानांबद्दल तुम्ही जे सांगितलं ते तरी मी कशाच्या आधारावर खरं मानू? आमचं गिऱ्हाईक आमच्या शब्दावर माल घेतं. तुमच्या शब्दावर मी आता कुणाला शब्द देऊ शकत नाही." शेवटी ती म्हणाली, "आणि ते प्लास्टिक. त्यातून वाट काढायला मी तुम्हाला मदत केली असती. तुम्ही विचारलं असतं तर."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बडोद्याचा राजवाडा बघायचा राहिला तुमचा."

परत गल्लीत आलो तर सगळा ओटा माझी वाट बघत होता. पंखा फिरत होता. चहाची कपबशी धुऊन पालथी घालून ठेवली होती, ती बाई कदाचित येईल म्हणून.

"काय म्हणाली रे?" मावशींनी विचारलं. "मला वाटतं, आवडलं तिला."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे होती. मी खरं सांगणार होतो, असं आजही स्वतःला सांगतो. पण तोंडातून निघालं ते हे: "मावशी, तुम्हाला बोलू नका म्हटलं होतं. तुम्ही बोललात. ऑर्डर गेली."

मावशी काहीच बोलल्या नाहीत. त्यांना गप्प बसलेलं मी शेडबाहेर पहिल्यांदाच पाहिलं. बोलायला लागल्या त्या बाकीच्या. बेन तर शिवणयंत्रापासून सुरुवात करून पार मावशींच्या माहेरापर्यंत पोहोचली. मी घरात जाऊन खिडकी लावून घेतली.

पुढचं सगळं मी त्या खिडकीच्या फटीतून पाहिलं. पाठवलेल्या मालाचे राहिलेले पैसे आले आणि संपले. मावशी एकेका महाराजांच्या दारी गेल्या. त्यांना प्रत्येकाने बासुंदी आणि ओंजळीची आठवण करून दिली आणि मग पूर्वीपेक्षाही कमी दर सांगितला. ओट्यावरचा पंखा बंद झाला. शेठना माझं कारण पटलं. "बैरां बोले एमां धंधो जाय," ते म्हणाले, आणि बायकांसारखं बोलणार नाही असं काहीतरी हवं म्हणून त्यांनी शेडच्या त्याच कोपऱ्यात थर्माकोलच्या ताटांचं मशीन बसवलं. मी त्याचा विक्री मॅनेजर झालो. महाराजांना ती ताटं फार आवडली. स्वस्त, हलकी, आणि कुणाचं बोलणं ऐकावं लागत नाही. मावशींच्या गिऱ्हाइकांना मीच, माझ्याच सहीने, माल पोहोचवत होतो.

मला मात्र त्या ताटात जेवण जाईना. थर्माकोल नखाला लागून जो आवाज येतो, तो मला ट्यूबलाइटच्या त्या शांततेसारखा वाटायचा. लग्नाला गेलो की मी पोट बिघडल्याचं सांगायचो. बायको म्हणायची, "आहेर करून उपाशी परत येणारा तुमच्यासारखा पाहुणा सगळ्यांना मिळो." सकाळी फिरायला गेलो की नदीकाठी चांदण्यासारखी ती पांढरी ताटं पसरलेली दिसत. मी फिरायला जायचा रस्ता बदलला. तिथेही होती.

शेवटी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. ती कॉलेजात असल्यापासूनच मला पर्यावरण शिकवत असे आणि मी ते शिकत नसे. तिने बैठकीतच जाहीर केलं, "माझ्या लग्नात थर्माकोल चालणार नाही. पत्रावळी हव्यात. समोरच्या आजी करतात ना? बाबा, तुम्ही जाऊन सांगा."

मी म्हटलं, तुझ्या आईला पाठवू. बायको म्हणाली, "एक्स्पोर्ट मॅनेजर कोण होतं?"

दुपारी मी रस्ता ओलांडला. तेवढा रुंद रस्ता मी आयुष्यात पाहिला नाही. मावशी ओट्यावर एकट्याच पानं निवडत होत्या. केस सगळे पांढरे झाले होते.

"या कारकून."

"मावशी, मुलीचं लग्न आहे. पत्रावळींची ऑर्डर द्यायची होती."

"ऑर्डर?" त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं. "नको रे बाबा. मी मध्येच काही बोलले तर?"

मी चपला काढल्या. "मावशी, जरा आत येऊ का? बोलायचंय."

"आत कशाला? तेव्हा तर बाहेर बोलला होतास."

मी ओट्यावर मांडी घालून बसलो आणि गाडीतलं सगळं सांगितलं. बाई काय म्हणाली ते, गटाराचं, लागवडीचं, आणि खरं बोलणारी एकटी कोण असं ती म्हणाली तेही. मला वाटलं होतं, मावशींना हे केव्हाच उमगलं असेल, त्या हसतील आणि मी सुटेन. त्या हसल्या नाहीत.

"मला खरंच वाटायचं रे, माझ्यामुळे गेली," त्या म्हणाल्या. "या ओट्याचं मी वाटोळं केलं असं वाटायचं. दारात कुणी पाहुणा आला तरी चार शब्द बोलताना मी विचार करायला लागले होते. मी!"

मी खाली मान घातली. मला वाटलं, आता झालं. पण मावशी उठल्या, ओट्याच्या कडेला गेल्या आणि पूर्वीच्या आवाजात ओरडल्या, "अगंऽ ए! बाहेर या सगळ्या! बेन, तमे पण आवो!"

दारं उघडली. काहीजणी काठी टेकत आल्या, काहींच्या जागी सुना आल्या. बेन चष्मा पुसत आली. मावशींनी हात लांब करून पंख्याचं बटण दाबलं. तो कुरकुरला, धूळ खाली सांडली, आणि फिरायला लागला.

"हं. आता सांग. मोठ्याने."

मी उभा राहिलो आणि सांगितलं. ऑर्डर मावशींच्या बोलण्याने गेली नाही, माझ्या खोटं बोलण्याने गेली, आणि त्याचा दोषही मी खोटं बोलूनच त्यांच्यावर ढकलला.  वर पंखा कुरकुरत होता.

"गुजरातीत पण सांग," मावशी म्हणाल्या. "हिला मराठी अर्धंच कळतं, आणि मला शिव्या हिनेच जास्त घातल्या."

मी बेनकडे वळलो, मग पुन्हा मावशींकडे, आणि दोघींपुढे हात जोडले.

"भूल मारी हती, बेन. मावशीनी नहीं, मारी. मावशी, माफ करजो."